टाळ आधी, बाकी नंतर : एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग

वाईजवळच्या आमच्या गावी विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजन असतं. ते पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटेल इतकं चांगलं टिपायचं, हा माझा गेल्या वर्षभराचा ध्यास. आता काही गोष्टी हाताला बसल्या आहेत, म्हणून या टप्प्याची नोंद. सामान साधंच आहे : एक्स-वाय रचनेतले (एकमेकांशी कोनात बसवलेले) दोन माइक असलेला हातात मावणारा रेकॉर्डर, मंडळाचा छोटा मिक्सर, त्याचा आवाज घ्यायला आणखी एक जुना रेकॉर्डर आणि घरी लॅपटॉपवर रीपर व ऑडॅसिटी ही ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअर.

माझं मत आता पक्कं झालंय. वारकरी भजन टिपताना प्रत्येक निर्णय टाळ ऐकून घ्यावा. बुवांचा आवाज मागे राहिला तर वर काढता येतो, पखवाज थोडा दबला तरी सावरता येतो. टाळाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये फाटला की फाटलाच.

याचं कारण टाळाच्या आवाजातच आहे. आपल्या कानात रेंगाळतो तो त्याचा झणत्कार, पण आघाताचं टोक जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचं असतं. दहा-बारा जोड्या एकदम वाजल्या की ही टोकं एकमेकांवर चढतात. संथ मीटरचा काटा तिथवर पोचतच नाही, म्हणून पातळी बघायची ती क्षणिक टोकं दाखवणाऱ्या पीक मीटरवर. टोकं शून्य डीबीला, म्हणजे यंत्राच्या कमाल पातळीला, आपटून सपाट झाली, तर डी-क्लिपिंगचा (छाटलेली टोकं सॉफ्टवेअरने अंदाजाने पुन्हा भरण्याचा) फारसा उपयोग होत नाही. माणसाच्या आवाजात लहर एका ठरावीक काळाने पुन्हा तशीच येते, त्यामुळे हरवलेला तुकडा आजूबाजूवरून बऱ्यापैकी अंदाजता येतो. टाळात असंख्य बेसूर कंप एकत्र असतात, तिथे अंदाजाला आधारच सापडत नाही आणि पत्रा खडखडल्यासारखा आवाज उरतो.

म्हणून पातळी लावायची ती गजरावर. भजन रूपाच्या अभंगापाशी संथ असतं आणि गजराला दुपटीच्या जोरात जातं. वाद्यं जुळवून होत असताना मी सरळ सांगतो, "माउली, एकदा गजराच्या लयीत वाजवा." त्या वेळी टोकं उणे १२ डीबीच्या आसपास राहतील अशी पातळी लावतो आणि नंतर हात लावत नाही. मग रूपाचा अभंग चालू असताना मीटर उणे ३० च्या जवळ पडून राहतो. राहू दे. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजाचा सैद्धांतिक आवाका १४४ डीबीचा आहे, १६ बिटला ९६ चा. देवळातली कुजबुज, पंखे, बाहेरचा रस्ता हे सगळं रेकॉर्डरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठं असतं, त्यामुळे पातळी कमी ठेवल्याने काही गमावत नाही. ऑटो लेव्हल मात्र बंदच हवं. ते चालू असलं की टाळाच्या प्रत्येक ठोक्याला यंत्र सगळाच आवाज खाली ओढतं आणि बुवांचे शब्द हेलकावे खातात.

सगळ्यात जास्त फरक पडला तो उंचीने. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत बसतात. रेकॉर्डर मांडीच्या उंचीवर ठेवला, तर सगळ्यात जवळचा टाळ ६० सेंटीमीटरवर आणि लांबचा ३ मीटरवर. अंतर पाचपट, म्हणजे थेट येणाऱ्या आवाजात सुमारे १४ डीबीचा फरक. तोच रेकॉर्डर उंच स्टँडवर अडीच मीटरवर नेला, की जवळचा टाळ साधारण २ मीटरवर आणि लांबचा साडेतीनवर येतो. फरक ५ डीबीच्या आत. अख्खी रांग एकजीव ऐकू येते, एकट्याचा टाळ कानात टोचत नाही. हे संपादनात साधणं शक्यच नाही. माइकचं तोंड बुवांकडे आणि पाठ दगडी गाभाऱ्याकडे ठेवतो. पाठीमागून हे माइक कमी ऐकतात, त्यामुळे गाभाऱ्यातून परतणारा घुमारा बराच आटोक्यात येतो.

आता गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर सापडते. मिक्सर आणि रेकॉर्डर दोन्ही भिंतीच्या सॉकेटवर असले की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं. रेकॉर्डर सेलवर चालवला की बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. तरी राहिली, तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधली थेट विद्युत जोडणी तोडणारी डबी) लावावा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकू नका, तिथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटची घरघर मात्र हवेतूनच येते. ती १०० हर्ट्झची, आणि बटण बंद करणं हाच तिच्यावर इलाज.

उरलेली गुणगुण काढायला सर्रास ८० किंवा १०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर, लावतात. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला तो ठीक आहे. भजनात त्याने पखवाजाचा धुमा जातो. कणीक लावलेल्या त्या डाव्या बाजूचा भरदार गाभा तिथेच, तळाशी असतो. म्हणून मी ५०, १०० आणि १५० वर अरुंद नॉच, म्हणजे तेवढाच सूर कापणारा फिल्टर, लावतो; क्यू (आकडा जितका मोठा तितका काप अरुंद) ३० च्या आसपास. इथेही सूर बघावा लागतो. पांढरी दोनचा खालचा सा १४६.८ हर्ट्झवर येतो, १५० च्या अगदी शेजारी. त्या पट्टीत गायन असेल तर १५० चा नॉच आणखी अरुंद करतो किंवा सोडूनच देतो.

उंचावरच्या माइकमध्ये शब्द थोडे विरघळतात, म्हणून बुवांचा माइक आणि पेटी मिक्सरमधून दुसऱ्या रेकॉर्डरवर घेतो. इथे दोन वेगळे प्रश्न येतात आणि ते वेगवेगळेच सोडवावे लागतात. पहिला अंतराचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या माइकला तो १० मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन ट्रॅक तसेच मिसळले की काही स्वर खाल्ले जातात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. मिक्सरचा ट्रॅक तेवढाच उशिरा वाजेल असा सरकवला की शब्द पुन्हा भरीव होतात.

दुसरा प्रश्न घड्याळांचा. दोन्ही यंत्रांवर ४८ किलोहर्ट्झ लिहिलेलं असलं तरी दोघांचे स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० इतका फरक असला, तर तासाभरात १८० मिलिसेकंदांची तफावत पडते आणि शेवटच्या गजरात प्रत्येक टाळ दोनदा वाजतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एक-एक सुटा टाळ वाजवून घेतो. दोन्ही ट्रॅकवर त्या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं, भागाकार करायचा आणि रीपरमध्ये त्या क्लिपचा प्लेबॅक रेट तेवढा बदलायचा. पिच जपण्याची खूण काढून टाकायची. सूर इतका किंचित हलतो की कोणालाच कळणार नाही. पिच जपत ताणलं, तर टाळाची धार बोथट होते.

नॉइज रिडक्शन मी जवळपास सोडलंय. झणत्कार विरत जातो तो शेवटी खरखरीच्या पातळीला येऊन मिळतो, आणि ऑडॅसिटीला त्यातलं काय ठेवायचं ते समजत नाही. ६ डीबीच्या पुढे गेलं की बुडबुडे ऐकू येतात. त्यापेक्षा थोडी खरखर बरी.

मंडळाला पाठवताना ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ वर आणि सरासरी उणे १८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास ठेवतो. उणे १६ ला नेलं की टोकं दाबणारा लिमिटर प्रत्येक टाळ छाटायला लागतो. एमपी-३ किमान २५६ केबीपीएसची, कारण १२८ ला किणकिण पाणचट होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की जशीच्या तशी पोचते.

पुढचं काम वीणेचं. ती या सगळ्यात अजून ऐकूच येत नाही. वीणेकऱ्यांच्या उपरण्याला छोटा कॉलर माइक लावायचा विचार आहे, पण कापडाची सळसळ आणि शेजारचा टाळ दोन्ही त्यात शिरणार. भोपळ्याच्या आतल्या अंगाला संपर्क माइक कोणी लावून पाहिला असेल, तर कुठे आणि कशाने चिकटवला ते जरूर सांगा. कार्तिकी एकादशीआधी एकदा करून बघायचंय.