लिस्बनच्या गल्लीत साबण आणि टुवाल

मी वसईची. आमच्या घरापासून किल्ला सायकलनं पंधरा मिनिटांवर. लहानपणी रविवारी बाबा किल्ल्यात न्यायचे, तेव्हा छप्पर उडालेल्या चर्चांमधून आम्ही लपाछपी खेळायचो. जमिनीवरच्या दगडांवर अक्षरं कोरलेली असत. ती थडगी आहेत हे पुष्कळ उशिरा कळलं. ही अक्षरं कोरणारी पोर्तुगीज माणसं जिथून आली ते गाव एकदा बघायचं, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

माझी कॉलेजची मैत्रीण जर्मनीत शिकते. "ये ना एकदा" म्हणून ती वर्षभर मागे लागली होती. मी म्हटलं, येते, पण आपण लिस्बनला जाऊ. पैसे दोघींकडेही बेताचेच. ती शिष्यवृत्तीवर, आणि माझी अर्धी बचत विमानाच्या तिकिटातच संपलेली. मग हिशेब ठरला : माणशी दिवसाला चाळीस युरो, त्यात झोपणं, खाणं, फिरणं सगळं. आणि प्रत्येकीनं पूर्ण सहलीत तिकीट काढून बघायची एकच जागा निवडायची. तिनं टाइल्सचं संग्रहालय निवडलं. मी कार्मो, एक जुना मठ.

नोव्हेंबरमध्ये गेलो म्हणून हे जमलं. मोरारिया भागात आठ जणींच्या खोलीतला पलंग वीस युरोच्या आत मिळाला, आणि खाली स्वयंपाकघर होतं. ज्यांना स्वस्तात फिरायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की स्वयंपाकघर असलेली जागा शोधा. शेजारीच मार्तीं मोनीझ चौक. तिथं बांगलादेशी, नेपाळी, आपल्याकडची दुकानं ओळीनं आहेत. मूगडाळ, हिरवी मिरची, कोथिंबीर, सगळं मिळालं. मी घरून मेतकूट नेलं होतं. चार रात्रींपैकी तीन रात्री आमची मऊ खिचडीच झाली.

दुपारी मात्र बाहेर खायचो. साध्या खाणावळीत 'प्रातो दो दिया', म्हणजे आजचं ताट, आठ-नऊ युरोला. एकीनं ताट आणि एकीनं सूप घ्यायचं आणि वाटून खायचं. सूपचं नाव काल्दो वेर्द. बटाट्याच्या दाट रसात बारीक चिरलेला हिरवा पाला. हा पाला कसला म्हणून विचारलं, तर मालक म्हणाला, "कोव्ह". आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोबी! भाजी वेगळी, पण शब्द तोच. तिथून आम्हाला नादच लागला. सुपरमार्केटमधल्या पाट्या वाचत तासभर घालवला. बातात, अनानाश, काजू. पाव तर नाकातून 'पांव' म्हणतात. किल्लीला शाव्ह, म्हणजे चावी. पेपरात लैलांव लिहिलेलं दिसलं, तो आपला लिलाव. वस्तू माहीत, शब्द माहीत, आणि तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा. वाढदिवसाला भेटवस्तू उघडाव्यात तशा आम्ही पाट्या वाचत होतो.

आता कार्मोबद्दल सांगते, कारण मी खरं तर त्यासाठीच गेले होते.

हा मठ १३८९ साली बांधायला घेतला. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनला भूकंप झाला. सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. छपरं कोसळली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, आणि जे नदीकाठी पळाले त्यांच्यावर समुद्राची लाट आली. शहराचा मधला भाग नंतर राजाचा मंत्री पोंबाल याच्या हाताखाली सरळ चौकटीत नव्यानं बांधला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, आणि तो हादरे सोसतो का हे बघायला नमुन्याभोवती शिपायांना पाय आपटत चालवलं. कार्मोचं छप्पर मात्र परत चढलं नाही. उंच दगडी कमानी उभ्या आहेत, त्यांच्यावर थेट आभाळ, आणि मधल्या जागेत, जिथं माणसं गुडघे टेकत होती तिथं, गवत.

आत पाऊल टाकलं आणि मला रडू आलं. हे सगळं मला पाठ होतं. कमानीतून दिसणारं ढगाचं टोक, दगडाच्या फटीतून उगवलेलं रोप, आपल्या पावलांचा तो आवाज. आठ हजार किलोमीटर येऊन मी आमच्या किल्ल्यातच उभी होते. फरक एवढाच की इथं तिकीट होतं, आणि गवत कुणीतरी रोज कापत होतं. आमच्याकडच्या दगडांना तेवढी माया मिळालेली नाही, हे तिथं फार टोचलं.

वसई चिमाजी अप्पांनी घेतली ती मे १७३९ मध्ये. म्हणजे उत्तर कोकणातला हा बालेकिल्ला पोर्तुगीजांच्या हातचा गेला आणि सोळा वर्षांनी त्यांची राजधानीच जमीनदोस्त झाली. दोन्ही सनावळ्या मला वेगवेगळ्या माहीत होत्या. शेजारी शेजारी ठेवून कधी बघितल्याच नव्हत्या.

मैत्रीण वाईची आहे. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "अगं, तुमची घंटा आमच्याकडे आहे." वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर टांगलेली ती मोठी घंटा, वसईच्या चर्चमधून विजयाची खूण म्हणून आणलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ही मुलगी लहानपणापासून घाटावर ती घंटा बघत आली, आणि मी घंटा नसलेल्या मनोऱ्याखाली खेळत मोठी झाले. आठ वर्षांची आमची मैत्री, आणि हे बोलणं व्हायला लिस्बन लागलं. कार्मोच्या त्या गवताकडेला आम्ही दोघी कितीतरी वेळ बसून होतो.

कार्मोबाहेरच्या चौकातच २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही संपली. पंतप्रधान काएतानो याच चौकातल्या बरॅकमध्ये शरण आला. गोवा आपला झाला १९६१ ला, पण पोर्तुगालनं ते मान्य केलं या क्रांतीनंतरच, १९७४ च्या डिसेंबरात.

बेलें या नदीकाठच्या भागाला आम्ही एक पूर्ण दिवस दिला. जेरोनिमुश मठ मिऱ्याच्या पैशावर उभा आहे. पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवर जो कर होता तो या बांधकामाला लावला. मठाच्या अंगणाला तिकीट पडतं, पण शेजारच्या चर्चमध्ये आम्ही फुकट गेलो. आत शिरताच वास्को द गामाची कबर. तो कोचीत वारला, १५२४ ला, आणि हाडं नंतर इकडे आणली. पुढं वेदीजवळ मानुएल राजाची शवपेटी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलीय. हत्तींचे चेहरे दमलेले आहेत. मला त्या राजापेक्षा त्यांच्याचकडे बघत राहावंसं वाटलं.

बेलेंच्या बुरुजावर आणखी एक जनावर आहे, आणि ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. एका बाजूच्या छोट्या मनोऱ्याखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं कोरलंय. मैत्रिणीनं मोबाइल झूम करून ते शोधलं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याच्याकडे पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानानं परवानगी नाकारली आणि गेंडा भेट दिला. तो गोव्यातून मे १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. राजानं त्याला हत्तीसमोर उभं केलं, तर हत्ती पळाला. मग पोपला भेट म्हणून पाठवला, तर इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात बांधलेला गेंडाही बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररनं त्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं, त्याला कधीही न बघता. याच मुझफ्फरशहाचा मुलगा बहादूरशहा, त्यानं १५३४ ला वसई पोर्तुगीजांना दिली. बापानं गेंडा दिला, मुलानं माझं गाव.

त्या बाजूला जहाजांचंच कौतुक आहे. किनाऱ्यावर दर्यावर्दींचं भलंमोठं स्मारक आहे, जमिनीवर संगमरवरी नकाशा आणि त्यावर कुठं कधी पोचले त्याच्या तारखा. जिथं पोचले तिथल्या माणसांबद्दल ओळ नाही. म्हणून मी सांगेन, रोसिऊ चौकाजवळच्या साओ दोमिंगुश चर्चमध्येही जा. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं. तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवलेत. बाहेर १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची आठवण म्हणून दगड आहे. दोन्हीकडे एक पैसा लागत नाही.

ट्राम २८ साठी एकच दिवस चोवीस तासांचा पास काढला. मार्तीं मोनीझला भली मोठी रांग असते, म्हणून आम्ही सकाळी लवकर उलट्या टोकाला, प्राझेरेशच्या दफनभूमीपाशी जाऊन बसलो. खिडकीची जागा मिळाली. त्याच पासवर संध्याकाळी नदीपलीकडे जाता येईल अशा समजात होतो, पण होडीचं तिकीट वेगळं निघालं. ते दोन युरोंचंही नव्हतं, काढलं. कासील्यासच्या धक्क्यावरून दिवे लागलेलं लिस्बन बघितलं, भाजलेल्या चेस्टनटचा पुडा दोघींत. गाड्यावरचा पांढरा धूर अजून नाकात आहे.

शेवटच्या दिवशी अल्फामात पाऊस आला. तिथले रस्ते पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान दगडांचे, घासून काचेसारखे झालेले. उतारावर माझा पाय सटकला आणि गुडघा फुटला. समोरच्या दारातून एक आजी बाहेर आल्या, माझ्या आजीएवढ्या, अंगात तसाच गुडघ्यापर्यंतचा एप्रन. मला उंबऱ्यावर बसवलं आणि आत वळून कुणाला तरी ओरडल्या. मला तीनच शब्द कळले. बाल्द. साबांव. तुआल्या.

बादली, साबण, टुवाल.

टॉवेल नाही, टुवाल. माझी आजी म्हणते तोच. मी मोठ्यानं म्हणाले, "टुवाल!" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, मुलाला शिकवावं तसं, परत म्हणाल्या, "तुआल्या." मी म्हटलं, "टुवाल." मग बादलीकडे बोट केलं. "बाल्द." "बादली." त्या हसायला लागल्या, आणि माझ्या गुडघ्यावर साबणाचा फेस लावता लावता घरातली एकेक वस्तू दाखवून नाव सांगत राहिल्या. मैत्रीण जिन्यावर बसून वहीत लिहून घेत होती. "इंदिया?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बासाईं." वसईला ते हेच म्हणायचे. त्यांना ते नाव माहीत नव्हतं. काही बिघडलं नाही.

तो साबण निळ्या-पांढऱ्या रेघांचा होता. कपड्याचा, लांबलचक वडीचा. निघताना सुपरमार्केटमधून तसाच एक घेतला, युरोभराचा. माझी एकुलती एक खरेदी.

घरी आल्यावर आजीच्या हातात दिला. तिनं वास घेतला, विळीवर त्याचे तीन तुकडे केले, दोन फडताळात ठेवले आणि एक मोरीत, दगडावर. "चांगला आहे गं," म्हणाली, "कुठनं आणलास?"