हप्त्याची रंगीत तालीम

रविवार, रात्री

आज दुपारी दोघं वही घेऊन बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट जाऊन-येऊन होती, म्हणून मोबाईलवर आकडेमोड करण्यापेक्षा वहीच बरी. चिपळूणमध्ये स्वतःचं घर घ्यायचं हे आमचं पक्कं आहे. फक्त ते कोणत्या पैशावर घ्यायचं, हे आज लिहून काढलं.

गावाला घर असताना दुसरं कशाला, हा प्रश्न सासरी अजून विचारला जातो. गुहागर तालुक्यातलं ते कौलारू घर मला मनापासून आवडतं. पण सातबारा सामाईक आहे. त्यावर चुलत सासरे आहेत, मुंबईचे चुलत दीर आहेत आणि जे आता हयात नाहीत त्यांचीही नावं आहेत. वारस नोंदी अर्ध्या झाल्यात, अर्ध्या व्हायच्यात. तिथे एक खोली वाढवायची म्हटली तरी साऱ्यांच्या संमतीचा प्रश्न येतो आणि अशा जागेवर बँक कर्ज देत नाही. गणपतीला, शिमग्याला आपण सगळे एकत्र जमतो ते घर तसंच राहू दे. मुलीची शाळा इथे आहे, यांची कंपनी लोट्याला आहे. आम्हाला इथे छप्पर हवं.

पाहिलेला फ्लॅट 27 लाखांचा आहे, तयार, दुसऱ्या मजल्यावर, उंचावरच्या भागात. नदीकडच्या बाजूला तेवढीच जागा स्वस्तात मिळते. पण 22 जुलै 2021 आम्ही तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात पाहिलाय. फ्रिज, गाद्या, मुलीची पुस्तकं, सगळं चिखलात गेलं. वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं, हे मी प्रत्येक इमारतीत शेजाऱ्यांना विचारते, मगच किंमत विचारते. उंचावरच्या जागेला जास्त मोजावं लागलं तरी ते मला महाग वाटत नाही.

त्या पुरानं पैशाबद्दलही शिकवलं. मी बाजारपेठेतल्या एका दुकानाचे हिशेब सांभाळते. पुरानंतर दुकान कितीतरी महिने बंद होतं, माझा पगार थांबला. घर चाललं ते यांच्या एकट्याच्या पगारावर. म्हणून आज ठरवलं की कर्ज एका पगारावर बेतायचं. घराची किंमत बघता नियमानं बँक 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, म्हणजे 24 लाखांच्या वर, आणि दोघांचे पगार धरले तर तेवढं मंजूरही होईल. आम्ही 20 लाखच घेणार. माझा पगार हा साठवणीचा पगार.

साडेआठ टक्के दर धरला तर 20 लाखांना 20 वर्षांसाठी महिना साधारण 17,350 रुपये हप्ता बसतो. मुदत 15 वर्षं केली तर 19,700. फरक अडीच हजारांचाही नाही, पण एकूण व्याजात जवळजवळ सव्वासहा लाख वाचतात. हे म्हणाले, मग पंधराच घेऊ. मला ते पटलं नाही. 15 वर्षांचा हप्ता वाईट महिन्यातही तेवढाच भरावा लागतो. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर वैयक्तिक कर्जदाराला दंड नाही. मग मुदत 20 वर्षांची ठेवायची आणि बोनस आला, आंब्याचे चार पैसे आले की मुद्दलात भरायचे. दर चढला तर? साडेनऊ टक्क्यांना हप्ता साडेअठरा हजारांच्या पुढे जातो. तेवढी जागा खर्चात आत्ताच ठेवायला हवी.

तालीम आधीच सुरू आहे. भाडं साडेसहा हजार आहे. वरचे अकरा हजार पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात जातात, म्हणजे जणू हप्ता चालूच आहे. मार्चमध्ये हे सोपं वाटतं. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट आले की हात आखडतो. खरी परीक्षा भाद्रपदात असते. गणपतीत कमी करायला मी तयार नाही आणि हप्त्याला सणवार कळत नाहीत. ज्या भाद्रपदात सण नीट होऊन ते अकरा हजारही बाजूला पडतील, त्यानंतरच कर्जाच्या अर्जावर सही करायची असं मी म्हटलं. यांनी मान हलवली.

आता आपल्या खिशातलं. वरचे 7 लाख आहेतच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो पैसा रोख आपलाच लागतो. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे 27,000. शिवाय वकील, सोसायटीचं हस्तांतरण, लाईटचं मीटर नावावर करणं, स्वयंपाकघराचा ओटा. फ्लॅट तयार आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेला असेल तर जीएसटी लागत नाही. पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान जास्तीत जास्त 1.80 लाख मिळतं, अटींत आम्ही बसतो असं दिसतंय. पण ते हिशेबात धरलेलं नाही. मिळालं तर मुद्दलात जाईल.

आणि या सगळ्याला न शिवता सहा हप्त्यांचे पैसे वेगळे. आईनं पाटल्या पुढे केल्या होत्या. मी त्या परत तिच्या हातात घातल्या. तिच्या म्हातारपणाचा आधार माझ्या भिंतींत घालायचा नाही, हे मला अगदी स्पष्ट आहे.

दस्त कोणाच्या नावावर, हेही आज निघालं. महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. मी बोलायच्या आधी हेच म्हणाले, "तुझ्या एकटीच्या नावावर करू, कर्जाला मी आहेच की." खूप बरं वाटलं. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, उद्या हे स्वतःच सांगणार आहेत.

या सवलतीनं वाचलेले 27,000 त्या सहा हप्त्यांच्या खात्यात टाकायचे ठरलंय. आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात येऊन वकिलांनी कागद तपासेपर्यंत मालकाला टोकन द्यायचं नाही.