सील न फोडलेल्या दोन बाटल्या

परवा कपाट आवरताना २००५ सालची डायरी हाताला लागली. एका पानावर माझ्याच गचाळ अक्षरात, ‘अ‍ॅप्रोटिनिन, टेस्ट डोस १ मिली, बीपी ४०.’ बाकी पान कोरं.

मी परफ्युजनिस्ट. ओपन हार्टच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवते. ओटीत आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. रक्त पंपाच्या नळ्यांतून फिरलं की गुठळ्या करणारी आणि त्या विरघळवणारी, अशा दोन्ही यंत्रणा खवळतात. मग पंपावरून उतरल्यावरही छातीत झिरपत राहतं, बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवावं लागतं. १९८७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधून रॉयस्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दुसऱ्यांदा छाती उघडलेल्यांना अ‍ॅप्रोटिनिन दिलं तर रक्त खूपच कमी लागतं. तेव्हापासून रीडो केस म्हटली की हे औषध ठरलेलं. २० लाख युनिट शिरेतून, २० लाख पंपाच्या प्राइममध्ये, म्हणजे नळ्यांत आधीच भरून ठेवलेल्या द्रवात, मग तासाला ५ लाख. प्राइममधले २० लाख, म्हणजे १०० मिलीच्या दोन बाटल्या, माझ्याकडे.

औषध यायचं गाय-बैलांच्या फुप्फुसातून. (गळ्यात तुळशीची माळ घातलेले किती वारकरी आमच्या टेबलावर झोपले असतील! हे त्यांना कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.) ५८ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, पण शरीराला परकं. पहिल्या खेपेला सहसा काही होत नाही. शरीर फक्त त्याला ओळखून ठेवतं, अँटिबॉडी तयार करतं. दुसऱ्या खेपेला ती ओळख निघते, अ‍ॅलर्जी भडकते. पहिल्या डोसनंतरच्या सहा महिन्यांत धोका सगळ्यात जास्त, कारण अँटिबॉडी तेव्हा भरात असतात.

ती बाई तिशीतली, सांगलीकडची. दुसऱ्या एका हॉस्पिटलात हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह बदलून चार महिने झाले होते. रक्त पातळ करणारी गोळी मध्येच बंद केलेली, त्यामुळे व्हॉल्व्ह अडकला. नवऱ्याच्या हातात कापडदुकानाची पिशवी, तिच्यात डिस्चार्ज कार्ड. व्हॉल्व्हची कंपनी, साइझ, टाके कधी काढले, सगळं त्यावर होतं. ओटीत कोणती औषधं दिली ते नव्हतं. ते भुलीच्या कागदावर असतं, आणि भुलीचा कागद पेशंटबरोबर जात नाही.

आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमचा हट्ट असायचा की रीडोमध्ये मांडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करून ठेवल्याशिवाय टेस्ट डोस द्यायचा नाही, आणि तो देऊन दहा मिनिटं जाईपर्यंत प्राइममध्ये थेंबही घालायचा नाही. आमचे सर्जन यावर वैतागायचे. त्या दिवशीही घड्याळाकडे बघत होते.

एक मिली गेलं. दोन मिनिटंही झाली नसतील. आर्टेरियल लाइनचा, म्हणजे धमनीतल्या नळीवरून दिसणारा बीपीचा डोंगर-दरीचा आलेख बसत बसत जवळजवळ सपाट झाला. अंगावर पुरळ आलं असेल तर ते हिरव्या कापडांखाली. आम्हाला दिसलं ते फक्त मॉनिटरवर. व्हेंटिलेटरचं प्रेशर चढून अलार्म वाजायला लागला. मॅडम एवढंच म्हणाल्या, “अ‍ॅड्रेनलिन,” आणि मग माझ्याकडे न बघता, “तुझ्या बाटल्या?”

“सीलबंद आहेत.”

त्या घातलेल्या असत्या, तर तिला वाचवायला म्हणून जो पंप चालू करायचा त्यातूनच २० लाख युनिट तिच्या अंगात गेले असते. रक्त गोठू न देणारं हेपरिन दिलं, मांडीतून पंपाच्या नळ्या (कॅन्युला) टाकल्या, पंपावर घेतलं. तिला रक्त भरपूर लागलं, दोन दिवस व्हेंटिलेटरवर होती, पण वाचली. आधीच्या हॉस्पिटलला फोन केला तेव्हा तिथल्या भुलीच्या कागदावर नाव सापडलं. अ‍ॅप्रोटिनिन, पूर्ण डोस.

मला राग आजही येतो, पण औषधाचा नाही. कार्डावर एक ओळ लिहायला किती शाई लागते?

पुढे कॅनडातल्या बार्ट चाचणीत या औषधाच्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ते बनवणाऱ्या बायर कंपनीने विक्री थांबवली. त्याचं कारण अ‍ॅलर्जी नव्हतं. २०१२ मध्ये युरोपने मर्यादित वापराला पुन्हा वाट करून दिली. आमच्याकडे तोवर त्याच कामाचं दुसरं औषध, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, रुळलं होतं. ते जपानमधल्या ओकामोतो दांपत्याचं काम. रेणू छोटा, प्रोटीन नाही, त्यामुळे ही भानगड फारच क्वचित. तरी रीडो आली की जुना भुलीचा कागद मी अजून मागते. ज्युनिअर हसतात.

तिला वॉर्डात हलवलं तेव्हा मी औषधाचं नाव कार्डावर लाल पेनने लिहायला गेले. नवरा म्हणाला, “मॅडम, मराठीत लिवून द्या. इंग्रजी आमच्यात कुणाला वाचाय येत न्हाई.” मग वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अ‍ॅप्रोटिनिन हे औषध पुन्हा देऊ नये.’ खाली तारीख. महिन्याभराने ते तपासणीला आले, तेव्हा त्याने खिशातून रेशनकार्डाचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. आत रेशनकार्ड नव्हतं, चिठ्ठी होती.