रडलं होतं का?

नवजात बालकांच्या मृत्यूंची कारणे घरच्यांच्या मुलाखतींतून शोधणारी आमची पाहणी संपत आली होती आणि त्या दुर्गम वाडीतली एकच नोंद उरली होती. नोंदवहीत ‘मृतजन्म’ असा शेरा होता.

माहिती बाळाची आजी देत होती. “झालं तेच गेलेलं,” असे तिने दोनदा सांगितले. तरीही आमच्या प्रश्नावलीत पुढचे प्रश्न वगळता येत नाहीत: बाळ रडले का, त्याने श्वास घेतला का, हातपाय हलवले का? मी पहिला प्रश्न वाचताच इतका वेळ दाराआड बसलेली आई म्हणाली, “ताई, रडलं होतं. बारीक आवाजात, पण रडलं होतं.” मग तिने एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून दाखवली, बाळाने ती तशी धरली होती. ऊन उंबऱ्याशी येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन तास, ते जिवंत होते. आजी खाली मान घालून म्हणाली, “रडलं म्हटलं की दवाखान्यात का नेलं नाही, म्हणून लोक हिलाच बोलतात.”

जन्मल्यावर श्वास, हृदयाचे ठोके, नाळेची धडधड किंवा हालचाल यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी तो जिवंत जन्म असतो आणि असे बाळ २८ दिवसांच्या आत दगावले, तर तो नवजात मृत्यू ठरतो. मृतजन्म मात्र बालमृत्युदरात धरलाच जात नाही. त्यामुळे जिथे प्रसूतीच्या वेळी प्रशिक्षित माणूस पोहोचत नाही आणि नोंद दोन-चार दिवसांनी ऐकीव माहितीवर होते, नेमका तिथलाच दर कागदावर कमी दिसू शकतो. नोंद करणाऱ्या परिचारिकेला मी दोष देणार नाही, तिला जे सांगितले गेले तेच तिने लिहिले. पण त्या एका शब्दामुळे बाळाला ऊब मिळाली का, श्वासासाठी मदत मिळाली का, हे पुढे कोणी विचारतच नाही. गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित महिलांनी घरी जाऊन हीच काळजी घेतल्यावर ३९ गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले आहे. अशी बाळे वाचवता येतात, म्हणून ती आधी मोजली गेली पाहिजेत.

मी शेरा बदलून नोंद आईला वाचून दाखवली. ‘जिवंत जन्म, आयुष्य तीन तास’ ही ओळ तिने मला पुन्हा एकदा वाचायला सांगितली.