तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकोच्या खेड्यांत फिरायला गाइड कशाला?

मेक्सिकोला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी कान्कुनच्या समुद्रकिनाऱ्याबद्दल विचारतात. तिकडे नाही, वाहाकाच्या आजूबाजूच्या खेड्यांत गेलो होतो, विणकर-कुंभार बघायला, आणि तेसुद्धा गाइड घेऊन, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच. अगं, गूगल मॅप आहे, ट्रान्सलेट आहे, यूट्यूबवर सगळ्या गावांचे व्हिडिओ आहेत, मग गाइडवर पैसे कशाला घालवायचे? मावसबहिणीपासून ऑफिसातल्या मित्रांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून एकदा नीट सांगते.

आधी जागा समजून घ्या. वाहाका हे दक्षिण मेक्सिकोतलं राज्य आणि त्याच्या राजधानीचंही तेच नाव. शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथून खोऱ्याच्या तीन बाजूंना तीन शाखा फुटतात. त्यात झापोटेक या मूळनिवासी लोकांची गावं आहेत आणि बऱ्याच गावांचा आपापला एक धंदा. तेओतितलान देल बाये लोकरीच्या गालिच्यांचं, सान बार्तोलो कोयोतेपेक काळ्या मातीच्या भांड्यांचं, सांता मारिया आत्सोम्पा हिरव्या झिलईच्या भांड्यांचं, सांतो तोमास हालिएसा कमरेला बांधायच्या मागावर विणलेल्या सुती पट्ट्यांचं, आरासोला आणि सान मार्तिन तिलकाहेते रंगीत लाकडी प्राण्यांचं. शहरातून निघालात की बहुतेक ठिकाणी तास-दीड तासाच्या आत पोचता, त्यामुळे "मॅप लावून जाऊ की" हे वाटणं साहजिक आहे. पोचालही. पण पोचून काय करणार, तिथेच सगळी गोम आहे, कारण या गावांतले चांगले कारागीर काही दुकान मांडून बसलेले नसतात, ते त्यांच्या घरात असतात. मोठं लोखंडी गेट, आत अंगण, अंगणात माग, बाजूला चूल, कोंबड्या, शाळेतून आलेली पोरं. अशा घरात आपण परके लोक कॅमेरा घेऊन सरळ कसे घुसणार? आणि हायवेला लागून ज्या मोठमोठ्या शोरूम आहेत तिथे कुणीही घुसू शकतं, म्हणून सगळे तिथेच घुसतात.

आमचा गाइड त्याच खोऱ्यातला, घरी झापोटेक भाषा बोलणारा. एका विणकराच्या घराच्या गेटवर टकटक करून तो आधी घरातल्या आजींकडे गेला, दोन्ही हातांत त्यांचे हात घेऊन वाकून काहीतरी बोलला, मग दोघांचं बराच वेळ चाललं होतं, कुणाचं लग्न, कुणाची तब्येत असं काहीतरी असावं, आम्ही उभेच. आजींनी खुर्च्या मागवल्या तेव्हा काम सुरू झालं. ट्रान्सलेटचं विचाराल तर ते स्पॅनिशला ठीक चालतं, पण त्या आजी स्पॅनिश मोजकंच बोलत होत्या आणि महत्त्वाचं सगळं झापोटेकमध्ये सांगत होत्या, तिथे फोन काय करणार.

त्या घरात रंग बघितले ते मी जन्मात विसरणार नाही. नोपाल निवडुंगाच्या पानावर पांढऱ्या कापसासारखे ठिपके असतात, त्याखाली कोचिनीलचा किडा असतो, मादी. वाळवल्यावर राखाडी बारीक दाणा दिसतो, रंगाचा मागमूस नाही. आजींच्या सुनेने चिमूटभर दाणे माझ्या तळहातावर टाकले आणि अंगठ्याने चुरडायला सांगितलं, आणि तळहात किरमिजी झाला, अगदी गडद. मग तिने त्यावर लिंबू पिळलं तर डोळ्यांसमोर तो केशरी-लाल होत गेला, त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर जांभळा. एकाच किड्यातून आंबट आणि खारं बदलून ते किती छटा काढतात त्याला हिशोब नाही. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घेतात म्हणजे रंग पक्का धरतो. निळ्याला नीळ, पिवळ्याला पेरिकोन नावाचं झेंडूच्या जातीतलं रानफूल, तपकिरीला अक्रोडाच्या जातीतल्या फळाची सालं. एक किलो वाळलेल्या कोचिनीलला साधारण 1.5 लाख किडे लागतात, हे कळलं की गालिच्याची किंमत ऐकून भुवया वर जात नाहीत. स्पॅनिश राज्यात चांदीखालोखाल याच किड्यांची निर्यात होती, युरोपातले श्रीमंत लोक याच लाल रंगाचे कपडे घालायचे, आणि बराच काळ तिकडे हे बी आहे की किडा यावरच वाद चालला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यातले रंग आले आणि तो व्यापार बसला. आज गावातसुद्धा सगळे गालिचे नैसर्गिक रंगाचे नसतात, केमिकल रंगाचे स्वस्त पडतात आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते नैसर्गिक म्हणून खपवू नयेत. आमच्या गाइडने प्रत्येक घरात हे स्पष्ट विचारलं आणि लोकांनी स्पष्ट सांगितलं, हा कोचिनीलचा, हा बाजारच्या पुडीचा. मी एकटी असते तर विचारायची हिंमत झाली नसती आणि उत्तर खरं की खोटं तेही कळलं नसतं.

माग पायाचा, मोठा लाकडी, विणणारा उभा राहून विणतो. मेंढ्याही स्पॅनिशांनी आणल्या आणि हे मागही, सोळाव्या शतकात, त्याआधी इथे कमरेचा माग आणि कापूस होता. नक्षी मात्र इथलीच, जवळच्या मित्लाच्या प्राचीन वास्तूंच्या भिंतींवर दगडात जी पायऱ्या-वळणांची नक्षी आहे तीच गालिच्यात उतरते. त्या घरातल्या मुलाकडे नक्षीचा कागदच नव्हता, धागे मोजत विणत होता.

त्याच घरात दोन माग होते आणि एक नुसता उभा होता, अर्धा गालिचा तसाच चढवलेला. मला वाटलं धंदा मंदा आहे. गाइड म्हणाला, नाही, यांचे यजमान या वर्षी गावकीच्या पदावर आहेत. वाहाकात 570 नगरपालिका आहेत आणि त्यातल्या 400हून जास्त आपले पदाधिकारी पक्षांशिवाय, गावसभेत, जुन्या रिवाजाने निवडतात. पद मिळालं की निभवावंच लागतं, आणि पुष्कळ पदांना पगार नाही. शिवाय तेकियो असतो, म्हणजे रस्ता, पाण्याची लाइन, शाळेची भिंत, ही कामं गावाने मिळून फुकट करायची. मग घर चालवायला बायको आणि मुलगा दुसऱ्या मागावर. यूट्यूबच्या कुठल्या व्हिडिओत तो रिकामा माग दिसला असता तर मी बघून न बघितल्यासारखा पुढे ढकलला असता.

आणि मग ती वही. आजींनी आतून एक जुनी शंभरपानी वही आणून दाखवली, कारण गाइडने त्यांना ग्वेलागेत्साबद्दल विचारलं होतं. जुलैत शहरात त्या नावाचा नाचगाण्यांचा मोठा सोहळा होतो, टुरिस्ट लोकांना तेवढाच माहीत असतो. पण गावात ग्वेलागेत्सा म्हणजे देवाणघेवाण. आपल्याकडे लग्नात आहेराची वही घेऊन कुणीतरी काका कोपऱ्यात बसलेले असतात, कुणी किती दिले ते लिहीत, आणि त्यांच्याकडचं कार्य निघालं की आई ती वही काढून बघते, अगदी तेच. फक्त इथे पैशांपेक्षा वस्तू जास्त: अमक्याने इतक्या किलोची टर्की कोंबडी, तमक्याने इतक्या तोर्तिया म्हणजे मक्याच्या पोळ्या, कोको, मेस्कल नावाची तिथली दारू. परतफेड त्याच वस्तूची, तेवढ्याच मापाची, आणि दहा-पंधरा वर्षांनीही चालते, आई-वडील गेले तर ते देणं मुलांवर येतं. त्यामुळे घरात गालिचा विकला जातो तेव्हा त्यातला बराच पैसा कुणाच्या तरी लग्नात परत द्यायच्या टर्कीत जातो. हे कळल्यावर मी त्या घरी किंमत कमी करा म्हणाले नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. बाजारात कांदे घेताना करा हवी तेवढी घासाघीस, पण महिनाभर विणलेल्या वस्तूवर नको.

कोयोतेपेकबद्दल थोडक्यात. तिथली माती भाजल्यावर काळी होते, कारण भट्टी बंद करून आत धूर कोंडतात. पूर्वी ही भांडी करडी, बिनचमकीची असायची, पाण्याला आणि मेस्कल भरायला वापरायची. 1950च्या दशकात दोन्या रोसा नावाच्या कुंभारीण बाईंनी भाजायच्या आधी ओलसर भांडं गारगोटीने घासून बघितलं आणि आच थोडी कमी ठेवली, तर चकचकीत काळं निघालं. त्यावर आज अख्खं गाव पोट भरतंय. फक्त चकचकीत भांड्यात पाणी ठेवायचं नाही, झिरपतं. चाकही नाही त्यांच्याकडे, एक बशी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी, आणि ती हाताने फिरवायची. लाकडी प्राण्यांच्या गावांत आम्ही घाईत होतो. कोपालचं लाकूड ओलं असताना कोरतात, मग महिनोन्‌महिने वाळवून ठिपके-ठिपके रंगवतात. काम अफाट आहे, पण मला स्वतःला गालिचे आणि मडकी जास्त भावली, आवड आपली आपली.

आता गाइड कसा निवडायचा, कारण सगळेच गाइड असे नसतात. हॉटेलात मिळणारी एका दिवसाची टूर असते, त्यात तुलेचा प्रचंड मोठा वृक्ष, गालिचे, मेस्कल, मित्ला आणि ईएर्वे एल आग्वाचे झरे सगळं कोंबलेलं, प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं, आणि थांबवतात ते कमिशन मिळतं तिथेच. ती नको. बुक करायच्या आधी सरळ विचारा: दुकानांकडून कमिशन घेता का, कुणाच्या घरी नेणार, तिथे किती वेळ. दिवसाला एक गाव, फार तर दोन, यापेक्षा जास्त सांगत असेल तर सोडून द्या. तिथे एन व्हिया नावाची संस्था आहे, ती टूरच्या पैशातून गावातल्या बायकांना बिनव्याजी कर्ज देते आणि त्यांच्याच घरी तुम्हाला नेते, बजेट कमी असेल तर तिथून सुरुवात करा. खाजगी गाइड महाग पडतो हे खरं, पण चौघं मिळून घेतला तर परवडतो आणि तेवढे पैसे एरवी आपण एका शोरूममधल्या चुकीच्या वस्तूवर घालवतोच.

दिवस जमवता आला तर रविवार त्लाकोलुलाला द्या, खोऱ्यातला सगळ्यात मोठा आठवडी बाजार तिथे भरतो आणि डोंगरातल्या गावांतून लोक उतरतात. शुक्रवारी ओकोत्लानचा बाजार, तोही चांगला.

शाकाहारी लोकांसाठी: त्लायुदा म्हणजे मोठी कडक तोर्तिया, तिच्यावर आसिएंतो म्हणजे डुकराची चरबी फासतात, आणि घेवड्याच्या उसळीतही बऱ्याचदा चरबीच असते, त्यामुळे "सिन आसिएंतो, सिन मांतेका", म्हणजे दोन्ही प्रकारची चरबी नको, हे पाठ करून जा आणि गाइडला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो ज्या घरी जेवण आहे तिथे निरोप देतो. आम्हाला भोपळ्याची फुलं आणि चीज घातलेल्या गरम केसादिया मिळाल्या, चुन्याच्या पाण्यात उकळलेला मका दळून केलेल्या, आणि बाजारात तेहाते, मका आणि कोकोचं फेसाळ पेय, हाताने घुसळून रंगवलेल्या वाडग्यात देतात, ते नक्की प्या.

पाऊस साधारण जून ते सप्टेंबर असतो, तो टाळा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांचा सण असतो तेव्हा जायचं असेल तर गाइड आणि हॉटेल खूप आधी ठरवा. आणि काळं मडकं घेतलंत तर कपड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनला देऊ नका.