रंगाखालची अक्षरं

जहाजाच्या नाकावर त्याचं नाव नुसतं रंगवलेलं नसतं. आधी अक्षरांच्या कडा वेल्डिंग करून उठवतात, मग त्यांत पांढरा रंग भरतात. जहाज विकलं गेलं की नव्या मालकाने त्या कडा घासून काढायच्या असतात, पण घासणारा कंटाळा करतो, वरून निळ्या रंगाचा हात मारतो आणि मोकळा होतो. सकाळचं तिरकं ऊन पडलं की खालचं नाव वर येतं. मी ज्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड इंजिनिअर म्हणून चढलो, ते तेव्हा तिसऱ्या नावावर चाललं होतं. शिडी चढायच्या आधी धक्क्यावरूनच मी आधीची दोन्ही नावं वाचली.

ऑफिसर आम्ही भारतीय, बाकी सगळे फिलिपिनो. त्यांच्या बोलीत मी 'सेगुंदो', चीफ इंजिनिअर 'हेपे' आणि मुख्य आचारी 'मेयर'. हा मेयर म्हणजे नगराध्यक्ष नव्हे, स्पॅनिश 'मायोर्दोमो'चं आखडलेलं रूप. पण खरं सांगायचं तर जहाजावर सत्ता त्याचीच. तो सुकी मासळी तळायला घ्यायचा तेव्हा इंजिनरूमच्या दारापर्यंत वास यायचा आणि मला रत्नागिरीला आमच्या पडवीत बसल्यासारखं वाटायचं. शनिवारी रात्री मेसमध्ये कॅराओके. माइक टीव्हीला जोडलेला, गाणं संपलं की टीव्हीवर मार्क. मार्कांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी ओव्हरटाइमवरून झाली नाहीत.

2007 साली एका बंदरात कुणीतरी बातमी घेऊन आला आणि मेसमध्ये सुतक पडलं. रिको ब्लॅन्कोने रिव्हरमाया सोडली होती. मला वाटलं, नदीबिदीची भानगड असेल. तेव्हा आमच्या ऑइलरने, म्हणजे इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणाऱ्या खलाशाने, हातातला कप खाली ठेवला आणि मला समोर बसवून त्या फिलिपिनो रॉक बँडची सगळी वंशावळ सांगितली. मेयर कांदा चिरता चिरता दुरुस्त्या करत होता.

या बँडच्या रंगाखालीही जुनं नाव आहे. आधी ती 'झागा' होती. लिझा नाकपिल आणि सिनेदिग्दर्शक चितो रोन्यो या दोघांनी ती हाती घेतली, काही माणसं बदलली, नाव बदललं, आणि 1994 साली मनिलात 'रिव्हरमाया' पाण्यात उतरली. गायला बांबू, कीबोर्डवर रिको, बासवर नेथन अझार्कोन, गिटारवर पर्फ दे कास्त्रो, ड्रम्सवर मार्क एस्कुएता. (बांबू! आपल्याकडे या नावाच्या पोराला वर्गात कुणी जगू दिलं नसतं.) पहिल्याच अल्बममधलं '214' गाजलं. हे पिनकोड वाटणारं गाणं प्रेमाचं आहे. पुढच्या 'ट्रिप' या अल्बममध्ये 'हिमाला' म्हणजे चमत्कार, आणि 'किसापमाता' म्हणजे डोळ्याचं पातं लवावं इतका क्षण. मी म्हटलं, माता म्हणजे आमच्यात आई. ऑइलर म्हणाला, आमच्यात डोळा. मग मुख म्हणजे काय विचारलं तर 'मुखा', चेहरा. शिक्षक 'गुरो', आशा 'आसा'. त्या दिवशी डेकवर काय चाललंय याची आम्हाला दोघांनाही शुद्ध नव्हती.

चढले तसे उतरायलाही लागले. पर्फ पहिल्या अल्बमनंतरच गेला. 1998 मध्ये बांबू गेला, थेट अमेरिकेला. दुसरा कुठला बँड असता तर तिथेच भंगारात निघाला असता. इथे रिकोने गाणं स्वतःकडे घेतलं. आणि 2000 साली या मंडळींनी 'फ्री' नावाचा अल्बम काढला तो खरोखरच फुकट वाटला! 2001 मध्ये नेथन गेला. जी नवी माणसं आली त्यांत झागाचा जुना गिटारिस्ट केनेथ इलागान होता. म्हणजे घासून काढलेलं अक्षर पुन्हा वर. बांबू परत आला तो रिव्हरमायात नाही. 2003 मध्ये त्याने नेथनला घेऊन स्वतःच्या नावाचा बँड काढला आणि 'नोयपी' हे गाणं देशभर गाजवलं. 'पिनॉय' म्हणजे फिलिपिनो माणूस, ते उलटं केलं की नोयपी.

आता तुम्हाला मेसमधली फाळणी कळेल. मेयर बांबूच्या पक्षाचा, ऑइलर रिकोच्या. रिको गेल्यावर नवा गायक टीव्हीवर स्पर्धा लावून निवडणार, हे ऐकून ऑइलर दोन दिवस जेवला नाही. निदान मेयरसमोर तरी नाही.

माझं लक्ष मात्र त्या ड्रमवाल्याकडे लागून राहिलं. 2007 नंतर 1994च्या पाचांतला एकटा मार्क उरला. 2011 मध्ये तो नवा गायकही गेला, तेव्हा मार्कने काठ्या दुसऱ्याच्या हातात दिल्या आणि स्वतः माइकसमोर उभा राहिला. जहाजाला सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव बदलो, तो नंबर भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. मला हा माणूस तसला वाटतो. गवयाचे पोस्टर भिंतीवर लागतात, नंबराचं कोण लावतो?

17 फेब्रुवारी 2024ला मनिलाजवळ पारान्याकेमध्ये बांबू, रिको, नेथन आणि मार्क एकत्र वाजवायला उभे राहिले. त्या रात्रीच्या क्लिपा मी घरी बसून, बाहेर मिक्सर चालू असताना पाहिल्या. सगळे पन्नाशीच्या आसपासचे. मी आधी ड्रम्सकडे पाहिलं. मार्क तिथेच होता, मागे, काठ्या घेऊन.

मला मात्र आठवला तो ऑइलर उतरला तो दिवस. नऊ महिन्यांचा करार संपला होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात माझ्यासाठी गाण्यांची लिहिलेली चिठ्ठी. तो शिडी उतरत असताना त्याच्या जागी आलेला पोरगा खाली वाट बघत उभा होता, कारण शिडीवर एका वेळी एकाच बाजूची वाहतूक. शनिवारी त्या पोराने विचारल्याशिवाय माइक उचलला आणि '214' लावलं. मेयर स्वयंपाकघरातून बाहेर आला, दाराशी हात पुसत ऐकत राहिला. गाणं संपल्यावर टीव्हीवर आकडा उजळला, 93.

"त्याला 96 पडायचे," मेयर म्हणाला, आणि पोराच्या ताटात मासळीचा आणखी एक तुकडा टाकून आत गेला.