आमची वाटचाल : आधी ट्रिगर, मग होल्स्टर

आम्ही होल्स्टर, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर कमरेला बाळगायचं म्यान, शिवतो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक सहसा रंग विचारतं. काळा की तपकिरी, नक्षी घालून देता का, पट्ट्यावर नाव कोरून मिळेल का. आमचा पहिला प्रश्न मात्र ट्रिगरचा असतो. चाप ओढायला किती जोर लागतो? घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणारा हातोडा, बाहेर आहे की आत? सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेली अडसर, हाताने लावायची आहे का? हे कळल्याशिवाय आम्ही चामडं कापायची रापी हातात घेत नाही. होल्स्टर म्हणजे आधी ट्रिगरवरचं झाकण. दिसणं, मिरवणं, आरामात बसणं हे सगळं त्यानंतर.

आमचं घराणं कोल्हापूरचं, चामड्याच्या कामातलं. आजोबा चपला करायचे. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं म्हशीचं कातडं त्यांच्या हातून चपलेत जायचं. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पट्ट्यांचं काम धरलं. पोलिसांचे कमरपट्टे, होमगार्डचे पट्टे आणि बँकेच्या रखवालदारांसाठी बारा बोअरच्या काडतुसांचे पट्टे. त्या पट्ट्यातलं काडतुसाचं प्रत्येक घर सारख्या मापाचं लागतं. सैल झालं तर काडतूस वाकताना गळून पडतं, घट्ट झालं तर वेळेला निघत नाही. घट्ट आणि सैल यांतलं ते बारीक अंतर आमच्या कारागिरांच्या बोटांत तेव्हाच बसलं.

अधिकाऱ्यांसाठी सॅम ब्राऊन पट्टेही आण्णा करायचे. सॅम्युअल ब्राऊन हा इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी. १८५८ मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला. उरलेल्या एका हाताने तलवार उपसायची तर म्यान जागचं हलून चालणार नाही, म्हणून कमरपट्ट्याला खांद्यावरून जाणाऱ्या आडव्या पट्ट्याचा आधार दिला गेला. नव्या पोराला कामावर घेतलं की आण्णा ही गोष्ट हमखास सांगत. शस्त्र अंगावर एकाच जागी राहावं आणि एका हाताने निघावं, एवढी दोनच कलमं त्यांना त्यातून शिकवायची असत.

होल्स्टरकडे आम्हाला परवानाधारकांनी वळवलं. सराफ, पेट्रोल पंपवाले, ठेकेदार, बागायतदार. बहुतेकांकडे कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर आणि ते ठेवायला बाजारातलं मऊ नायलॉनचं कव्हर. सगळ्या मापांना एकच कव्हर, तोंड ढिलं, ट्रिगर अर्धा उघडा. ते पाहिलं की आण्णा अस्वस्थ व्हायचे.

रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर दोन तऱ्हांनी चालतो. घोडा खाली असताना चाप ओढला, तर तोच चाप आधी घोडा मागे नेतो आणि मग सोडतो. ओढ लांब आणि जड असते. घोडा आधी अंगठ्याने मागे घेतला, तर मात्र चापाला जरासा दाब पुरतो. म्हणून चढवलेल्या घोड्याचं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये कधीच जाता कामा नये. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरला बटणाची पट्टी घोड्याच्या मागून येते ती यासाठीच. ती लावल्यावर घोडा चुकून शर्टात किंवा सीटबेल्टमध्ये अडकून मागे ओढला जात नाही.

पिस्तुलाचं गणित वेगळं. पोलिसांकडचं इशापूरच्या कारखान्याचं ९ मिमी पिस्तूल ब्राउनिंग या परदेशी पिस्तुलाच्या नमुन्यावरचं, बाहेर घोडा आणि हाताने लावायची सेफ्टी असलेलं. ग्लॉक या परदेशी बनावटीच्या पिस्तुलात सेफ्टीचा तसा बाहेरचा खटकाच नाही. सेफ्टीची बारीक पट्टी खुद्द ट्रिगरमध्ये बसवलेली असते. मूळ ट्रिगरला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. बोट असो, शर्टाचं टोक असो की जॅकेटची नाडी, जे काही ट्रिगर सरळ दाबेल ते त्या पट्टीलाही दाबतं. त्यामुळे अशा पिस्तुलाच्या होल्स्टरचं तोंड ताठ हवं आणि ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी. तोंडाशी आम्ही चामड्याचा दुसरा थर घालतो, म्हणजे पिस्तूल काढल्यावरही ते उघडं राहतं. वापरून मऊ पडलेलं चामडं आत दुमडतं आणि पिस्तूल परत घालताना ती घडी थेट ट्रिगरवर येते. असं होल्स्टर कुणी दाखवायला आणलं, तर दुरुस्त न करता बदलाच म्हणून सांगतो. पिस्तूल आत घालताना मान खाली घालून बघावं, सावकाश घालावं. काढण्याची घाई समजू शकते, घालण्याची घाई कधीच नसते.

पिस्तुलाचे शौकीन आले की ट्रिगर हलका करून घेण्याची गोष्ट निघतेच. माझं मत पक्कं आहे. जे शस्त्र स्वतःच्या बचावासाठी कमरेला राहणार, त्याचा ट्रिगर कारखान्यातून आला तसाच राहू द्यावा. भीतीच्या क्षणी बोटाला हलक्या दाबाचा अंदाज राहत नाही. ट्रिगर खरखरीत लागत असेल, अडकत असेल, तर परवाना असलेल्या शस्त्र दुरुस्तीवाल्याकडे जावं. शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. आम्ही चामड्याची माणसं, आमच्याकडे तो नाही आणि शस्त्राच्या आतल्या भागाला आम्ही हात लावत नाही.

याच कायद्यामुळे आमच्या कामाची पद्धत घडली. कुणाचंही शस्त्र आम्ही ठेवून घेत नाही. मालकाने स्वतः यायचं, परवाना दाखवायचा, शस्त्र स्वतः रिकामं करायचं, आणि माप होईपर्यंत ते त्याच्याच समोर राहायचं. पण ओलं चामडं साच्यावर दाबून सुकवायला वेळ लागतो, तेवढा वेळ कोण थांबणार? म्हणून आण्णांनी सुरुवातीला शस्त्राच्या आकाराचे सागवानी ठोकळे घडवून घेतले. पुढे शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीतून ॲल्युमिनियमचे भरीव साचे ओतून घेतले. नळीला भोक नाही, एकही भाग हलणारा नाही. कोल्हापुरात फाउंड्री आणि चामडं शेजारी नांदतात, याचा आम्हाला फार उपयोग झाला. पाण्यात भिजवलेलं चामडं त्या साच्यावर चढवायचं, हाडाच्या गुळगुळीत दांडीने ट्रिगरच्या कडीभोवती दाबत आकार उठवायचा आणि सावलीत सुकू द्यायचं. भट्टीजवळ ठेवून घाई केली तर चामडं कडक होऊन तडकतं. शिवण दोन सुयांची, मेणाच्या दोऱ्याची. एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही.

ट्रिगरविषयी आमचं ज्ञान वाढवलं ते मात्र खेळाडूंनी. कोल्हापूर नेमबाजांचं गाव. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणलं. तसं बघितलं तर पिस्तूल नेमबाजाला चामड्याची गरज कमीच. त्याचं मनगट मोकळं लागतं, बूटही घोट्याच्या खालचे लागतात. आमचं गिऱ्हाईक रायफलवाले, कारण त्यांना हाताला बांधायचा पट्टा लागतो आणि नियमाने तो ४० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. पण रायफलवाल्यांसोबत पिस्तूलवाली मुलंही पेट्या शिवून घ्यायला येऊ लागली, आणि त्यांच्या बोलण्यातून आम्हाला ट्रिगरचं दुसरं जग दिसलं. १० मीटर एअर पिस्तुलात ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे, २५ मीटरमध्ये १००० ग्रॅम. तपासणीत पिस्तूल नळी वर करून उभं धरतात आणि ट्रिगरला वजन लावून उचलतात. म्हणजे खेळातसुद्धा ‘याहून हलका नको’ अशी रेघ आखलेली आहे.

नवं एअर पिस्तूल घ्यायला निघालेले पालक ब्रँड विचारतात. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी ही सगळी जाणती नावं आहेत. मी त्यांना मुलाचा हात बघायला सांगतो. मूठ हातात भरून बसली का? तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ टेकतो का? ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो का? पहिल्या टप्प्याची ढिली ओढ संपून दुसऱ्या टप्प्याची भिंत बोटाला स्वच्छ जाणवते का? बोट तिरकं पडलं तर पिस्तूल दरवेळी थोडं बाजूला ढकललं जातं, आणि महागातलं पिस्तूलही ते दुरुस्त करत नाही.

आमच्या भागातला खरा परीक्षक म्हणजे पाऊस. राधानगरी, गगनबावडा, खाली कोकण. जून ते सप्टेंबर हवेत पाणीच. चामडं ओल धरून ठेवतं, कमावताना त्यात राहिलेली आम्लं आणि क्षार त्या ओलीबरोबर पोलादाला लागतात, आणि निळसर झाक चढवलेल्या पोलादावर गंजाचे ठिपके उठतात. म्हणून होल्स्टर अंगावर बाळगण्यासाठी आहे, साठवणीसाठी नाही, हे आम्ही प्रत्येक बिलावर छापतो. घरी शस्त्र तेलाचा हात फिरवून, कोरड्या कापडात, कुलपात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावं लागतं. तेव्हाही ते होल्स्टरमधून काढूनच द्यावं. शस्त्र परत मिळाल्यावर ते गंजलेलं पाहून हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत.

पावसानेच आम्हाला कायडेक्सकडे नेलं. तापवून साच्यावर दाबायचा हा प्लास्टिकचा पत्रा पाणी पीत नाही, तोंड कधी मिटत नाही, पिस्तूल बसलं की टक्क आवाज येतो. माझ्या पुतण्याने ते काम उभं केलं. मी अजूनही चामड्याचा माणूस आहे, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या गिऱ्हाइकाला मनापासून कायडेक्सच सुचवतो.

सध्या हात गुंतलेत ते महिला पोलिसांच्या होल्स्टरमध्ये. पुरुषांच्या मापाचं होल्स्टर त्यांच्या कमरेच्या ठेवणीमुळे बाहेरच्या बाजूने ढकललं जातं आणि मूठ बरगडीत रुतते. बसल्यावर तर जास्तच. आम्ही होल्स्टर पट्ट्याच्या थोडं खाली उतरवतो आणि मध्ये चामड्याची पाचर घालून मूठ अंगापासून दूर करतो. पाचरीचा कोन अजून मनासारखा बसलेला नाही. माप द्यायला येताना रोजचा पट्टा कमरेला असू द्या आणि रोजच्या वर्दीतच या. परवाना किंवा ओळखपत्र सोबत लागेल.